झाडून ठेवलेली जमीन

१४ जून २०२४

चि. रिना,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. इथे आफ्रिकेत पाऊस सुरू झालाय. कॅम्पातला आचारी वरणात साखर घालतो आणि त्याला कोणी अडवत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? बाबांनी स्लॅबचं काम काढलं असेलच. फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि अर्धं गाव ऐकतं. बल्लारपूरचा मिथुन सुटीवर येतोय, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. विजेच्या मोठ्या लाइनच्या वाटेत येणाऱ्या झाडांवर मी लाल खूण करतो, मागून येणारे ती तोडतात. देश चिमुकला. कर्ज आपल्या देशाचं, तारा आपल्या, टॉवर आपले, माणसंही आपलीच. वीज जाणार खाणीला आणि बंदराला. लाइनखालच्या गावांत दिवा नाही, कर्ज मात्र त्यांच्याच माथी. उगाच साळसूदपणा कशाला, आपला स्लॅबही त्यातूनच पडतोय.

गेल्या आठवड्यात एका टेकाडाजवळ मोहाच्याच भावकीतली वाटावीत अशी झाडं लागली. बाया त्यांच्या बियांचं तेल काढतात, आपण टोरीचं, मोहाच्या बियांचं, काढतो तसं. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, मालक नाही. पण प्रत्येक झाडाखालची जमीन गोल झाडून ठेवलेली. मी थबकलोच. मोह वेचायच्या आधी आई अशीच झाडायची. ज्यानं झाडलं त्याचं झाड. मग दुसरा कुणी तिथलं फूल उचलत नाही.

तेवढ्यात एक बाई टोपली घेऊन आली. माझ्या हातातला रंगाचा डबा पाहिला आणि बुंध्याला पाठ लावून बसली.

आमचे साहेब गुणवंतराव चंद्रपूरचेच. म्हणाले, "अश्वजित, जंगल हाये हे. मालक कुठी हाये इथी? मार खूण."

"साहेब, झाडून ठेवलं हाये. तुमच्या मायनं मोह नाई वेचला का?"

ते भडकले. "तुले काऊन पडलं बाप्पा? घरी जायाचं हाये का?"

रिना, मी खूण केली नाही. एवढं सांगायला किती आढेवेढे घेतले बघ. मला परत पाठवतायत.

आईची झाडं कोळशाच्या खाणीत गेली तेव्हाही कागदावर मालक नव्हता. तेव्हाही कुणीतरी असाच डबा घेऊन आला असेल, पोटासाठी आलेला. त्याचा मला राग येत नाही. माझ्या जागी येणाराही खूण करेल, म्हणून त्या बाईचं झाड वाचलं असं समजू नकोस. तिच्यासमोर माझा हात उचलला गेला नाही, इतकंच.

बाबा खूप बोलतील. बोलू देत, त्यांचं चुकत नाही. आईला मात्र तूच सांग. नोकरीचं नंतर सांगितलंस तरी चालेल. आधी तिला म्हण, झाडाखाली झाडलेलं होतं.

तुझा, रिकाम्या हातांनी येणारा दादा,
अश्वजित