मुंगसावर घातलेला आळ

आये, मी सांगते आहे आणि तुझी पणती लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, म्हणजे आपलं बरं जमेल. पोरीला बजावलंय, मधे थांबायचं नाही आणि शाळेतल्या बाईंसारखं माझं बोलणं सुधारायचं नाही. या घडीला माझ्या मांडीवर एक कोंबडी बसली आहे. विचुंब्याच्या फ्लॅटात, सोफ्यावर. गेल्या वर्षी या पोरीनंच ती गटाराच्या जाळीतून काढून आणली, तेव्हा भिजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढी होती. खोक्यात भाताचा कोंडा घातला, वर दिवा लावला, मी कण्या भिजवून बोटावर चारल्या. आता मालिका लागली की कोंबडीबाई पदरात शिरतात आणि माझ्या काखेत डोकं खुपसून झोपतात. तुझा नातू ओरडतो, "आई, ह्यो फ्लॅट हाय का खुराडा?" मी म्हणते, "तुला पन असाच वाढवलाय. तुजा आवाज हिच्यापेक्षा मोटा होता."

बोटावर कण्या चारायला मला तूच शिकवलंस, आणि राग जात नाही तो त्याचाच. ओवे गावच्या आपल्या अंगणात घारीच्या पंजातून सुटून कोंबडीचं एक पिल्लू पडलं, पाय मोडलेलं. काकी म्हणाली, "मरंल ते, कशाला हात लावता?" तू पायाला काडी बांधलीस आणि चुलीजवळ सुपात ठेवलंस. मी वारुळं उकरून त्याला वाळवी आणायची. त्याची लंगडी झाली, कोंबडी झाली, तरी माझ्यामागे विहिरीपर्यंत उड्या मारत यायची. मी खरकटी घासायला बसले की ती माझ्या पाठीवर चढून गाव बघायची. तू हसायचीस. मला ते हसू आठवतं आणि अजून कळत नाही, ते खरं होतं की नाही.

मग मला ताप आला. तो उतरत नाही म्हणून तू गावदेवीपुढे जाऊन काय बोललीस, ते तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. मी बरी झाले. तू मला दोन दिवस नेऱ्याला मामाकडे धाडलंस. परत आले तर घरात कोंबडीच्या रश्शाचा वास, आणि खुराड्यात लंगडी नाही.

"आये, लंगडी कुटं हाय?"

"मुंगसानं नेली."

"मंग ही कोनाची?"

"काकीची. नवसाची हाय. ज्याच्यासाठी नवस, पयला घास त्याचा. नाय म्हनू नये."

तू तो घास माझ्या तोंडात घातलास, स्वतःच्या हातानं. स्वतः मात्र जेवली नाहीस, पोटात दुखतंय म्हणालीस. त्यानंतर किती वर्षं मी मुंगसांना दगड मारले असतील! लोक मुंगूस दिसलं की शुभ म्हणून हात जोडतात, मी एकटी शिव्या घालायची. तुझ्या दहाव्याला बायका भाकऱ्या थापत होत्या, तेव्हा मावशी सहज बोलून गेली, "तुज्या लंगडीनंच तर वाचवली तुला." सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून सगळ्या गावाला. आणि भांडायला तू उरली नव्हतीस.

आता ऐक. महिन्यापूर्वी या पोरीला डेंग्यू झाला. वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर मी बसले होते, आत रक्त चढवत होते, आणि माझं तोंड उघडलं. मावशीनं नंतर सांगितलेले तुझेच शब्द बाहेर पडले, आये. 'जिवाला जीव देईन, घरचा देईन.' दुसरं काही मला बोलताच आलं नाही. पोरगी बरी होऊन घरी आली. तुझा नातू काल हळूच म्हणाला, "रविवारी ओव्याला जाऊन येऊ. पोरीला मामाकडं धाडतो. कोंबडी मांजरानं नेली म्हनू." मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मांजर मीही मनात तयार ठेवलं होतं.

इथं पेन थांबलंय. पोरीनं माझ्या मांडीवरून कोंबडी उचलली, आत नेली आणि दार लावलं. बऱ्याच वेळानं ती एकटीच बाहेर आली, डोळे पुसलेले, आणि म्हणाली, "पुढे सांग. पण मी ते दार उघडणार नाही."

नको उघडूस, बये. रविवारी तुलाच घेऊन जाते. देवीपुढे नारळ ठेवीन आणि सांगीन, बोलली मी, तर फेडते पण मीच. आजपासून कोंबडी तोंडाला लावणार नाही. मला रस्सा किती आवडतो ते देवीला ठाऊक आहे. तरी रागावली तर माझ्यावर रागावू दे, पोरीचं नाव घ्यायचं नाही.

पोरगी विचारते, "आजी, हे पाठवायचं कुठे?" कुठे नाही. घडी घालून ठेव डब्यात. पण मिटण्याआधी एवढं लिही. आये, त्या दिवशी रस्सा फार चांगला झाला होता. मी पुन्हा मागून घेतला. तू मान फिरवून तंगडी वाढलीस. ती मोडक्या पायाची होती की धड पायाची, ते मी आजपर्यंत स्वतःला आठवू दिलेलं नाही.