चौथी जागा

५ नोव्हें., बुध. पेण

मालकांनी, अण्णांनी, मूर्तींच्या कारखान्याला लॅपटॉप घेतला. जुना सीपीयू भंगारात चालला होता, म्हटलं मला द्या. अण्णा म्हणाले, "तुला गो कशाला?" म्हटलं, गेम खेळायला. सगळे हसले. मंदाताई तर गणपतीच्या सोंडेवरचा ब्रश बाजूला ठेवून हसली. हसा म्हटलं.

दिवाळीत माझी लेक सायली दोन दिवस आली होती. माझ्याशी बोलणं म्हणजे हं, जेवले, झोपते. पप्पांचा लॅपटॉप घेऊन आलेली, कानाला हेडफोन, आणि रोह्याच्या दोन मैत्रिणींबरोबर गेममध्ये खिदळणं चालू. ती अशी हसते हे मी विसरलेच होते. विचारलं, मी येऊ का खेळायला? "तुला येतंय काय?" मग नजर स्क्रीनवरच ठेवून, "आमच्यात चौथी जागा रिकामी हाय. मोबाईलवर नाय चालत, पीसी लागतो. २३ तारखेला पाच वाजता टीम लॉक होते, मग कुणाला घेता येत नाय. त्याच्या आधी येत असशील तर ये."

रोह्याजवळचं वरसेचं, नवऱ्याचं घर सोडून मला दोन वर्षं झाली. ती तेव्हा अकराची. मी नाय येणार तुझ्याबरोबर, असं दारात उभी राहून म्हणाली होती. त्यानंतर तिच्या तोंडून 'ये' हे पहिल्यांदा ऐकलं.

७ नोव्हें., शुक्र.

सीपीयू चालू व्हायला इतका वेळ की मधे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. गेम टाकला तर उघडतच नाय. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

"मुलासाठी ना, ताई?"

"माझ्यासाठी."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हातावरच्या रंगाकडे. पण माणूस चांगला. म्हणाला रॅम वाढवा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, आणि ग्राफिक्स कार्ड. कार्ड मात्र बुटकं लागेल, हा डबा ऑफिसचा, अंगानं बारीक. मोठं कार्ड आणलंत तर झाकण लागणार नाय आणि करंटही पुरणार नाय. बुटकं त्याच्याकडे नाय. रोह्यात एक इम्तियाजभाई आहेत, त्यांच्याकडे जुनं मिळेल म्हणाला.

रोहा. जिथं जायचं टाळते तिथंच.

९ नोव्हें., रवि.

रॅम आणि एसएसडी मी स्वतः बसवली. व्हिडिओ बघून, चार वेळा मागे नेऊन. रॅम बसताना कट्ट वाजली, वाटलं मोडली. आता बटण दाबलं की लगेच चालू. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, वेडी.

सा.चा रविवारचा ठरलेला फोन बाराला. सांगितलं, एसएसडी टाकली. "कुणी टाकून दिली?" मीच, म्हटलं. "बरं." ठेवला. ते 'बरं' मी दिवसभर मनात घोळवलं.

१२ नोव्हें., बुध. रोहा

अर्धा दिवस सुट्टी. कार्ड मिळालं. इम्तियाजभाई बारा वर्षं गल्फमध्ये होते, आता स्टँडजवळ गाळा. टेबलावर उघडी मशिनं, मधेच चहाचा कप. मोबाईलवर माझ्या डब्याचे फोटो दाखवले. म्हणाले, "कार्ड बसेल. पण ताई, आत पांढरं काय हाय हे सगळं?"

प्लास्टर. अण्णांचं टेबल पोती फोडायच्या जागेला लागूनच. आठ वर्षं पूड खाल्ली बिचाऱ्यानं.

"आधी साफ करा. ब्रशनं, कोरडं. नायतर तापून मरेल."

वरसेच्या रिक्षा समोरच उभ्या होत्या. शाळा सुटायची वेळ. एकीत बसले, नाक्यावर उतरले आणि पाच मिनिटांत परत फिरले. न सांगता यायचं नाय असं तिच्या पप्पांशी ठरलंय. ठरवताना मीच मान डोलावली होती.

१५ नोव्हें., शनि.

काय लिहू. हात तोडून टाकावेसे वाटतायत.

ब्रशनं कोपऱ्यातली पूड निघेना. कारखान्यात मूर्ती रंगवायचा कॉम्प्रेसर हाय, म्हटलं हवा मारू. त्याच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं असतं सकाळी, आज कुणी काढलं नव्हतं. पाईप धरला आणि फस्सकन हवेबरोबर पाणी. घाबरले. आणि मग काय केलं, तर ओल्या फडक्यानं पुसलं. वीस वर्षांची सवय. मूर्तीचा सांधा दिसला की ओला हात फिरवून गुळगुळीत करायचा, डोकं विचारतच नाय हाताला. तेवढ्यात अण्णांनी हाक मारली, टेम्पोत माल चढवायला. अर्ध्या तासानं आले.

प्लास्टर धरलेलं. दगड. पंखा फिरेना, जाळीच्या फटी बुजलेल्या, रॅमच्या एका खाचेत पांढरी वात.

पेणची बाई, सतराव्या वर्षापासून प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टरला पाणी लावलं. पाणी लागलं की दहा मिनिटांत धरतं हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मंदाताई आज हसली नाय. "रडू नको गो" म्हणाली, तेव्हा कळलं मी रडतेय.

१६ नोव्हें., रवि.

सकाळपासून कोरणीनं खरवडतेय. डोळ्यांच्या आखणीचा बारीक ब्रश, सुई, जे हातात येईल ते. पंखा सुटला. बटण दाबलं, काही नाय.

बाराला फोन. "पीसी झाला काय?"

झाला म्हणून सांगितलं.

का सांगितलं देव जाणे. तिनं विचारतानाच पुढे म्हटलं म्हणून असेल, "पप्पा बोलले, ती काय पूर्ण करणार नाय. अर्ध्यावर सोडायची सवय हाय तिला." मी म्हटलं झाला, फक्त कार्ड नीट बसवायचंय. "नक्की ना? मी दोघींना सांगून ठेवलंय. टीममधल्या श्रेयाची बहीण मागत होती ती जागा, तिला नाय म्हटलं मी."

नक्की, म्हणाले. आता मेले.

१८ नोव्हें., मंगळ. रोहा

खाडा केला. सीपीयू तांदळाच्या गोणीत घालून एसटीत मांडीवर. वडखळपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली. शेजारची बाई विचारते, "मूर्ती हाय काय?" व्हय म्हटलं. कोण समजावत बसणार.

इम्तियाजभाईंनी झाकण काढलं. "कोरडं म्हटलं होतं ना मी." मग, "तुम्ही तर याचा गणपतीच केलात, ताई." हसले, मला हसू येईना. सगळं सांगितलं त्यांना. सायली, चौथी जागा, वरसे, खोटं बोलले ते पण. का सांगितलं कळत नाय, अनोळखी माणूस. त्यांनी चहा पुढे केला. म्हणाले, "माझी पोरगी लहान होती तेव्हा मी तिकडे. दर शुक्रवारी फोन. ती मला चाचा म्हणायची. ठेवून जा, बघतो."

येताना मांडी रिकामी रिकामी वाटत होती.

२० नोव्हें., गुरु.

इम्तियाजभाईंचा फोन नाय. आज तीन मूर्तींचे डोळे बिघडवले. अण्णा पुसून पुन्हा कर म्हणाले. तेही ओल्या फडक्यानंच पुसायचे.

२२ नोव्हें., शनि.

दुपारी इम्तियाजभाईंचा फोन. रॅमची एक खाच गेली, दुसरी चालते. कार्ड चालतं. गेम उघडतो. आणि दहा मिनिटांत सगळं बंद पडतं. प्रोसेसरवरच्या जाळीत प्लास्टर आतपर्यंत बसलंय, उष्णता बाहेर पडायला वाटच नाय. या मॉडेलची जाळी मुंबईहून येईल, मंगळवारी.

मंगळवारी घेऊन काय करू? तिला आज खरं सांगावं असं चार वेळा वाटलं. नंबर काढला, ठेवला. खरं सांगितलं तर पप्पा बरोबर ठरतात. अर्ध्यावर सोडणारी.

विचारलं, उद्या तुमच्याच गाळ्यात बसले तर? टेबलफॅन लावून? "रविवारी बंद असतो मी," म्हणाले. मग, "चारला या."

२३ नोव्हें., रवि. रोहा, गाळा

४.३५. शटर अर्धं खाली. झाकण उघडं, टेबलफॅन थेट आत सोडलाय. बारा वाजताच्या फोनवर सा.ला म्हटलं, साडेचारनंतर गेममध्ये येते. "बघू," म्हणाली.

४.५२. आत गेले होते मी. गेममध्ये. माझा माणूस भिंतीलाच धडकत होता, आणि हेडफोनमध्ये सा. हसत होती. "मम्मी, माऊस फिरव, माऊस. तिकडे नाय, माझ्या मागं मागं ये." सहा मिनिटं. श्रेया म्हणाली, काकू भारी. सा. म्हणाली, "थांब, तुला टीममध्ये घेते, तू फक्त हो दाब." आणि पडदा काळा.

इम्तियाजभाई थंड होऊ द्या म्हणतात. किती वेळ देऊ? आठ मिनिटं उरलीत.

४.५७. पुन्हा चालू केलं, गोल फिरतंय. फोन वाजला. सा. दोन वर्षांत तिनं आपणहून केलेला पहिला फोन.

"परत गेलीस काय?"

वीज गेली म्हणून सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. नाय सांगितलं. म्हटलं, मी खोटं बोलले, तो झाला नव्हता. मीच पाणी मारलं त्याच्यावर, प्लास्टर धरलं, माझ्याच हातानं वाट लागली. आता रोह्यात बसलेय, दुरुस्तीच्या दुकानात, पंखा लावून, सोडून गेले नाय.

मागे तिच्या पप्पांचा टीव्ही ऐकू येत होता.

"रोह्यात? कुठल्या दुकानात?"

स्टँडजवळ, इम्तियाजभाईंच्या, म्हटलं. फोन कट.

५.०६. मशीन चालू झालं. गेम उघडला. टीम लॉक झालीय. तीन नावं दिसतायत आणि खाली एक चौकोन, त्यात कुणाचं नाव हाय की नाय ते मला वाचता येत नाय, इतकं बारीक. सा.च्या नावापुढे लिहिलंय, बाहेर गेली.

फोन उचलत नाय.

इकडे निघाली असेल तर वरसेहून स्टँडला रिक्षानं दहा मिनिटं. चालत आली तर अर्धा तास. रागानं लॅपटॉप बंद करून आत झोपली असेल तर काहीच नाय.

इम्तियाजभाईंना म्हटलं, शटर पूर्ण वर करा.