सर्वेशाक ठावक आसा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आपल्या घरातली बातमी तुला नेहमी उशिराच कळत आली. फोनवर बाबांचं नाव काढलं की तिकडे कोचीत तुला कुणीतरी हाक मारतं आणि फोन ठेवावा लागतो. पत्र तसं ठेवून देता येत नाही. म्हणून तळेऱ्याच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, सातवीच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे.

मार्गशीर्षात बाबा विहिरीकडे जाताना खळ्यात पडले. शेजारच्या शिवाकाकांनी त्यांना उचलून ओसरीवर बसवलं आणि मला फोन केला. मी कुणकेश्वरला पोचेपर्यंत दीड तास गेला. तोवर आरोग्य उपकेंद्रातली दिव्या मॅडम येऊन बसली होती. ही साताऱ्याकडची, नवीनच आली आहे. बोलते पुस्तकी, पण कुणाच्याही घरात चपला काढून थेट चुलीपर्यंत जाते. तिने बाबांच्या सगळ्या गोळ्या मागितल्या. बाबांनी बिस्किटांचा डबा आणला, तिने तो सुपात ओतला, आणि तांदूळ निवडावेत तशा आम्ही दोघी गोळ्या निवडत बसलो. देवगडच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी आणि कणकवलीच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी एकच निघाली, फक्त नावं वेगळी. बाबा वर्षभर दोन्ही इमानेइतबारे घेत होते. एका डॉक्टरांना दुसऱ्यांचं का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, “तेंका वायट वाटला असता गो. दोगांय बरे आसत. मी कोणाची गोळी बंद करू?”

त्या दिवशी मी हसले आणि रडलेही.

दिव्याने मग त्यांचं आरोग्य खातं उघडलं. आता त्यांचा चौदा आकडी नंबर आहे. ती चार दुपारी येऊन बसली, जुने कागद मोबाइलवर उतरवले, रक्ताचे रिपोर्ट, छातीच्या ईसीजीची पट्टी, सगळं. आता देवगडचे डॉक्टर काय लिहितात ते कणकवलीत दिसतं आणि इकडे उपकेंद्रातही. पण आधी बाबांच्या फोनवर आकडे येतात, ते बाबांनी सांगितल्याशिवाय कुणालाच काही दिसत नाही. हे त्यांना भारी आवडलंय. ट्रॉलरवर तीस वर्षं तांडेल होते ना, हुकूम द्यायची सवय. शिवाकाकांना सांगत होते, “आता डाक्टरांकाय माझी परवानगी घेवची लागता!” देवगडच्या डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, चक्कर बरीच कमी झाली. सगळी मात्र गेली नाही, म्हणून त्यांनीच कोल्हापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचं म्हणणं, ठोके फार सावकाश पडतात, छातीत छोटं यंत्र बसवायला हवं. वीस तारीख ठरली आहे. शस्त्रक्रिया लहानशी आहे म्हणतात, पण बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत.

दादा, हे सगळं बघताना मला सारखी आई आठवत होती. तिचेही कागद होते. मूत्रपिंडाचे सगळे रिपोर्ट बाबांनी कपाटात तिच्या लुगड्यांखाली ठेवले होते. पोर जहाजावर, त्याच्या जिवाला घोर कशाला, एवढाच त्यांचा विचार. तू आलास तो बाराव्याला. ते कागद तुझ्या हाती लागले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तू ओरडलास, “माका सांगूक नाय! माझ्या आवशीचा माका सांगूक नाय!” बाबा म्हणाले, “चालतो हो.” आणि तू खरंच चालता झालास. सहा वर्षं झाली. तेव्हा एक गोष्ट मी बोलले नाही, ती आज लिहिते. मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. आईनेच शपथ घातली होती, पण ती मोडता आली असती. तू सगळा राग बाबांवर काढलास आणि मी गप्प राहून त्यातला माझा वाटा त्यांच्या अंगावर टाकला. जमलं तर मला माफ कर.

आता मुख्य सांगते. खातं उघडताना दिव्याने विचारलं, “घरातलं कोण कोण हे बघू शकेल?” बाबांनी माझं नाव सांगितलं. ती पुढचं पान उघडणार, तेवढ्यात म्हणाले, “माझ्या झिलाचा पण नाव घाल. सर्वेश गुरुदास कुबल.” तुझा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला, मला फोनमध्ये बघायची गरजच पडली नाही. तुला तेव्हा मेसेज आला असेल. परवानगी आहे, बघायचं असेल तर इथे दाबा, असा काहीतरी. फसवणुकीचा वाटून तू पुसला असशील, मीही तेच केलं असतं. तो बाबांनी पाठवला होता.

पुढचा प्रश्न होता, कुठल्या औषधाचा कधी त्रास झालाय का. तुला आठवत असेल, तू एकोणीस वर्षांचा होतास. शिंगाळा माशाचा काटा बाबांच्या हातातून आरपार गेला आणि तुम्ही होडी विजयदुर्गला लावलीत. तिथे कुठलंसं इंजेक्शन दिलं आणि बाबांचं अंग लालबुंद झालं, श्वास अडकला. तू त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत धावलास आणि मिळेल त्या टेम्पोने देवगड गाठलंस. मी लहान होते, मला फक्त तुझा मळलेला सदरा आठवतो. दिव्याने इंजेक्शनचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, “माका आठवना नाय. सर्वेशाक ठावक आसा. तेका इचारा.” तिने ती जागा मोकळी ठेवली आणि त्यापुढे लिहिलं, ‘मुलाकडून माहिती घेणे’. त्यानंतर बाबा दर दोन दिवसांनी मला विचारत, “इलो काय गो मेसेज?” कशाचा ते सांगत नसत. शस्त्रक्रियेआधी ती माहिती हवीच, म्हणून माझाही जीव टांगणीला लागला होता. परवा तुला फोन केला तोही त्यासाठीच. तू “मीटिंगमधी आसंय” म्हणालास.

काल शाळेतून घरी आल्यावर मी त्यांचं खातं उघडलं. सोमवारी शिवाकाकांचा निलेश त्यांना फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला तपासणीसाठी घेऊन गेला होता, तेव्हाची तिथल्या डॉक्टरांची टिपणी त्यात आली होती. त्यात लाल अक्षरांत लिहिलं आहे, ‘पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी. माहिती स्वतः रुग्णाने दिली.’ आणि खाली साल, महिना, विजयदुर्ग, काट्याची जखम उजव्या हाताची, मुलाने पाठीवरून नेलं, इथपर्यंत सगळं. निलेशला विचारलं, तर बाबांनी त्याला बाहेर बसायला लावलं होतं म्हणे. कोल्हापुरात सांगितलेलं माझ्या फोनवर दिसतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. दादा, त्यांना सगळं आठवतंय. जिवाला धोका होईल म्हणून डॉक्टरांपासून लपवलं नाही, आमच्यापासून मात्र लपवलं, कुणीतरी तुला विचारावं म्हणून. मी त्यांना यातलं काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. दिव्यालाही सांगितलंय, उपकेंद्रातल्या टिपणीतली ती ओळ इतक्यात पुसू नको. तेव्हा आता मी विचारते, बाबांना कुठलं इंजेक्शन चालत नाही? उत्तर मेसेजने पाठवू नकोस. एकोणीस तारखेला दुपारी बाबांना कोल्हापूरला दाखल करायचं आहे. तू ये आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना सांग.

तुझीच,
संचिता