त्यानं न दिलेलं रक्त

१४ नोव्हेंबर, निफाड

तिसरा महिना संपला. सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. एचआयव्हीचीही तपासणी झाली — सगळ्याच गरोदर बायकांची करतात. निगेटिव्ह! मॅडम म्हणाल्या, "मिस्टरांनाही पाठवा." नवनाथला सांगितलं तर हसत सुटला. "तेजू, तुझं चांगलं आलं म्हणजे माझंबी चांगलंच. एकाच घरात दोघांनी कशाला टोचून घ्यायचं?" मलाही पटलं. गोड बोलतो मेला.

२ फेब्रुवारी

द्राक्षांची गाडी घेऊन तो दिल्लीला जातो. आठ-आठ दिवस घरी नाही. आला की मला सोडत नाही. निरोध कशाला, दिवस तर गेलेलेच आहेत! लिहायला लाज वाटते, पण सुखात आहे मी.

९ मार्च, घोटी

बाळंतपणाला माहेरी आले. सोडायला आलेला नवनाथ स्टँडवर रडला. मीच समजूत काढली.

११ एप्रिल

आठव्या महिन्यात पुन्हा तपासणी. पॉझिटिव्ह.

खात्री करायला परत परत केली. तेच. इथल्या मॅडम सांगत होत्या — गोळ्या आजपासूनच, बाळाला वाचवता येतं, मिस्टरांना आणा. मी नुसती मान हलवत होते.

१२ एप्रिल

नवनाथला फोन केला. वाटलं होतं, तो रडेल, मी भांडेन, मग दोघं मिळून काय ते बघू. तो म्हणाला, "माझ्याकडं होतीस तवा निगेटिव्ह होतीस. घोटीला गेल्यावर कसं काय आलं?"

नवनाथ म्हणाला हे! माझा नवनाथ.

१३ एप्रिल

जेवण जात नाही. आई म्हणते, गोळीसाठी तरी खा.

२० एप्रिल

सासूबाई येऊन गेल्या. बाबांसमोर म्हणाल्या, "आमचा पोरगा धडधाकट हाय. तुमच्या पोरीलाच इचारा." मी ओरडले — एकदा तपासा ना त्याचं रक्त, एकदाच! त्या चहा न घेता उठल्या. बाबांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२६ मे

मुलगी झाली. नाक थेट त्याचं — छळायलाच आलंय! जन्मल्या जन्मल्या औषध पाजलं तिला. तो आला नाही. दार वाजलं की माझी मान अजून तिकडे वळते.

१८ जुलै

बाळाची पहिली तपासणी निगेटिव्ह! पुढच्या अजून व्हायच्यात, पण आज पोटभर रडून घेतलं. आणि सगळ्यात आधी कुणाला सांगावंसं वाटलं? त्यालाच. नाही सांगितलं.

५ ऑगस्ट

निफाडची शेजारीण ललिता, तिचा फोन. सासूबाईंनी नवनाथसाठी एकलहऱ्याची मुलगी पाहिलीय. पुढच्या आठवड्यात सुपारी. माझ्याशी फारकतीचं बोलणंसुद्धा नाही. आणि रक्त? ते त्यानं अजून दिलेलंच नाही.

ललिताकडून त्या मुलीचा नंबर मिळवला. लावला.

"हॅलो, कोण?" कोवळा आवाज.

म्हटलं, "नवनाथची बायको."