शमिकाचा मामा आणि गचके मारणारी गाडी

२ मे
आज मारुती मंदिरच्या चढावर गाडी गचके मारायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की पुढे जाते, थांबते, विचार करते, मग परत जाते. निदान बसल्या जागी केलं: पेट्रोल भेसळीचं. शाळेत नववीला इंजिन मीच शिकवतो.
बायको, म्हणजे स्वप्ना, म्हणाली, चोवीस तारखेच्या आत दुरुस्त करून घ्या, लग्न आहे. जसं काही मी विसरलोय! सावर्ड्याला माझ्या बहिणीच्या, चंपाच्या मुलीचं लग्न. शमिकाला हॉलवर माझ्या गाडीतून नेणार आणि अंतरपाटाशी तिच्या मागे मीच उभा राहणार. एकुलता एक मामा आहे, चेष्टा नाही.
घरी आल्यावर नेहमीप्रमाणे गाडी शेडमध्ये लावून गरम बॉनेटवर फणसाच्या आठळ्या पसरल्या. पावसाळ्याची बेगमी. अंगणात सुकवल्या की माकडं नेतात. इंजिनाची उष्णता फुकट मिळत असताना वाया का घालवायची? ही युक्ती अख्ख्या रत्नागिरीत कुणाला सुचलेली नाही.

५ मे
दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. गचके तसेच. म्हणजे तिथेही भेसळ. देशाचं काही खरं नाही.

८ मे
आठळ्या कमी होतायत. रात्री बॉनेटवर सूपभर होत्या, सकाळी निम्म्या. शेजारच्या काशीरामच्या घरातून काल आठळ्यांच्या भाजीचा वास आला होता. दोन अधिक दोन.
दोन अंगणांमधल्या गडग्यावरून सभ्यपणे सुनावलं, हव्या होत्या तर मागायच्यास. तो म्हणाला, अरे माझ्या दारात फणसाची दोन झाडं लगडलीयत, तुझ्या आठळ्या घेऊन मी काय करू? पकडला गेलेला माणूस असंच बोलतो. लहानपणी याच्या खांद्यावर बसून चंपा शाळेत जायची. माणसं बदलतात.

११ मे
गाडी बाळाकडे नेली. बाळा मेकॅनिक माझा विद्यार्थी, नववीत दोन वर्षं. त्यामुळे त्याचं इंजिनचं ज्ञान अस्सल माझंच आहे. मी म्हटलं प्लग, तो म्हणाला प्लगच. प्लग बदलले. मग मी म्हटलं कॉइल, तो म्हणाला सर, अगदी माझ्या मनातलं बोललात. कॉइल बदलली. इतकं एकमत होऊनही गाडी गचके मारते म्हणजे कमाल आहे.

१५ मे
गाडीत स्वप्नाला आठळ्या भाजल्याचा वास येतो. तिला समजावलं की हा क्लचप्लेटचा वास. मग म्हणाली, रात्री शेडमध्ये खुडखुड ऐकू येते. तिला समजावलं की धातू थंड होताना आकुंचन पावतो. ती म्हणाली, तुमचा धातू आमच्या भाताच्या पोत्यालाही भोक पाडून गेलाय. बायकांशी विज्ञान बोलू नये.

२० मे
आरे-वारेपर्यंत ट्रायल घेतली. उतारावर गाडी उत्तम, एकही गचका नाही. फक्त चढावर मारते. म्हणजे गाडी ठणठणीत, रस्त्याचाच दोष.

२३ मे
काशीरामलाही लग्नाचं आमंत्रण आहे. तो सकाळच्या पहिल्या एसटीने जाणार. स्वप्ना म्हणते, मीही त्याच्याबरोबर जाते, मुहूर्त गाठायचाय. म्हटलं, खुशाल जा. चोराची सोबत लखलाभ. संगमेश्वरला तुमच्या एसटीला ओव्हरटेक करून हॉर्न वाजवीन.

२४ मे, सकाळ
फेटा घरूनच बांधून घेतला. आरशात बघितलं. मामा दिसतो!

२४ मे, दुपार
बावनदी ओलांडली आणि पुढच्या चढावर गाडीने एक शेवटचा गचका मारला नि बंद पडली. चंपाचा फोन आला. म्हटलं, आलोच. परत आला. परत म्हटलं, आलोच.
बॉनेट उघडलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून एअर फिल्टरचा काळा डबा उघडला. आत माझ्या आठळ्या. गच्च भरलेल्या. काही भाजलेल्या. खाली भाताची टरफलं, स्वप्नाच्या पोलक्याच्या चिंध्या, आणि त्यावर एक उंदीर. तो माझ्या फेट्याकडे बघत होता.
काशीरामने एकही नेली नव्हती.
फोन वाजला, स्वप्नाचा. तिने फोन नुसता स्टेजकडे धरला. मंगलाष्टका ऐकू आल्या. शेवटच्या ‘सावधान’पर्यंत ऐकल्या. मग विचारलं, शमिकाच्या मागे कोण आहे? म्हणाली, चंपाताईंनी दारापर्यंत दोन-तीन खेपा घातल्या, वाट बघितली, भटजी घाई करायला लागले. मग रडत काशीरामला म्हणाल्या, काशीदादा, तूच उभा रहा रे.
मला रडू आलं. भर हायवेवर, फेटा बांधून. ट्रकवाले वळून वळून बघत होते. बघू देत.

२५ मे
संध्याकाळी काशीराम आला. लग्नात मिळालेला मामाच्या मानाचा शेला आणि नारळ माझ्या हातात ठेवला. म्हणाला, हा तुझाच, मी नुसता धरून उभा होतो. वर पिशवीभर आठळ्या दिल्या. म्हणाला, तुझ्या गेल्या ना, मग या ठेव. त्याला काय बोलायचं ते मी रात्रभर पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, बस, चहा घे.

३ जून
लग्नाचे फोटो आले. शमिकाच्या मागे काशीराम, डोळे पुसताना. स्वप्ना म्हणाली, मामा शोभतो. मी हो म्हटलं.
फिल्टर नवा बसवला. गाडी आता कुठल्याही चढावर गचका मारत नाही. सावर्ड्यापर्यंत एका दमात जाईल.
भाची एकच होती.