साडेअकरा इंचाचा खांदा

बाबा, आज मी हिरवा डगला घातलेला. नाताळबाबाचे बुटके मदतनीस असतात ना, त्यांचा वेश. टोकदार लाल टोपी, टोपीला घुंगरू, जोड्यांची टोकं वर वळलेली. तुम्ही बघितलं असतंत तर आधी हसला नसतात, आधी काखेतली शिवण उलटी करून बघितली असतीत. मीपण तेच केलं. कच्ची होती. इथे दुबईत मी एका हॉटेलच्या लाँड्रीत आहे. मोजत बसू नका, पण ही सातवी नोकरी. डिसेंबरात एक दिवस आम्ही सगळ्यांनी असला वेश घालून काम करायचं, पाहुणे हसतात, फोटो काढतात आणि दाराशी ठेवलेल्या डब्यात पैसे टाकतात. ते पैसे विसरायचा आजार झालेल्या माणसांसाठी जातात. मला सुई चालवता येते एवढं इथे माहीत आहे, म्हणून सगळ्यांचे डगले माझ्याकडे आलेले. टेप सापडेना तेव्हा मी समोरच्याच्या खांद्यावर वीत ठेवली, आणि ती तुमचीच वीत होती.

ठाकुर्लीच्या दुकानात दिवाळी संपली की शाळांच्या गॅदरिंगचे कपडे सुरू व्हायचे. वासुदेव, पोपट, वांगं, टोमॅटो, जे असेल ते आधी माझ्या अंगावर. दुसरीत असताना पोपट करून तुम्ही मला पायरीवर उभं केलेलंत आणि बाजाराला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. तोंडात टाचण्या धरून तुम्ही म्हणालात, "हलू नको रे, पोपट एवढा वळवळतो का?" तुम्ही माप मोठ्याने सांगायचात, आई वहीत लिहायची. चमकी सगळ्या घरभर. आमटीत सापडली तर आई म्हणायची, आज मालकांनी फोडणीत चमकी घातलीय. मला शाळा कधी आवडली नाही, आठवीनंतर गेलोच नाही, पण शाळेचे ते कपडे मात्र फार आवडायचे.

मग ती घोडबंदर रोडची शाळा आली. नववीच्या मुलांसाठी मावळ्यांचे वीस अंगरखे. बस बदलत जाऊन तुम्ही स्वतः मापं घेऊन आलेलात. मी तेव्हा वीस वर्षांचा, मानपाड्याच्या कंपनीत लागून दोन महिन्यांत सोडलेली, घरी सगळ्यांवर चिडलेला. तुमचा डबा घेऊन दुकानात आलो तर शाळेच्या बाई दोन मुलांना घेऊन बसलेल्या. गठ्ठा सुटला. एकही अंगरखा त्या मुलांच्या खांद्यावर चढेना. वीसच्या वीस एकाच मापाचे, सातआठ वर्षांच्या पोराला होतील असे. वहीत मात्र प्रत्येकाचं माप नीट लिहिलेलं. बाईंनी विचारलं, हे शिवलं कोणी? तुम्ही गळ्यात टेप घालून तिथेच उभे. मी म्हणालो, "आमच्याकडचा कारागीर आहे. उद्यापासून येणार नाही तो."

तुम्ही टेप काढलीत, दोन बोटांवर गुंडाळून मशीनवर ठेवलीत. बाई गेल्यावर मला विचारलंत, "शेठ, खरंच नको येऊ उद्यापासून?" टोमणा होता की तुम्ही मला ओळखलंच नव्हतं, ते तेव्हा कळलं नाही. अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही उठलात, चहा घेतलात आणि भिंतीला टेकून बसलात. आईने विचारलं, दुकानात जायचं नाही का? तुम्ही म्हणालात, काढलंय मला. त्यानंतर दोन वर्षं जगलात, पण दुकानाची पायरी परत चढला नाहीत.

आम्हाला वाटायचं वय झालंय. शेजारी म्हणायचे हट्टीपणा आहे. हा आजार आहे, त्याला डिमेन्शिया म्हणतात, हे मला परवा कळलं. आमच्या मॅनेजर मॅडमच्या आईला तो आहे. मॅडम बोलत होत्या आणि सुपरवायझर आम्हाला हिंदीत सांगत होता. कालचं जातं, जुनं राहतं. त्यांची आई अजून रोज चौघांची ताटं मांडते, पोरं लहान असल्यासारखी. मी इस्त्री खाली ठेवली आणि एक जुनं माप तोंडात आलं. खांदा साडेअकरा, छाती सव्वीस, लांबी बावीस. पोपटाच्या वर्षाचं माप. त्या वर्षी ऐकून ऐकून मला पाठ झालेलं, आणि वीस अंगरखे समोर पडलेले असताना मी ते ओळखलं नाही. तुम्ही वीस वेळा मलाच शिवलेलंत.

आज सकाळी प्रत्येकाला छातीवर लावायला एकेक चिठ्ठी दिली. हा वेश कोणासाठी घातलाय ते लिहायचं, ज्याच्या त्याच्या भाषेत. मी लिहिलं, 'आमच्याकडचे कारागीर'. हात आपोआप तिकडे गेला. दुपारी टॉवेल पोचवायला वर गेलो तर लिफ्टपाशी एका बाईंनी वाचलं, आपल्याकडच्याच, बोलण्यावरून कल्याणच्या वाटल्या. म्हणाल्या, "अय्या, मराठी! कोण रे हे तुझे?" मी म्हणालो, होते एक, लहान मुलांचे कपडे फार छान शिवायचे. त्यांनी डब्यात पैसे टाकले आणि माझ्या बाहीकडे बघून म्हणाल्या, बसलाय छान हं अंगाला.

आता डगला खुंटीला आहे, चिठ्ठी अजून त्याच्यावर. खाली दोन शब्दांपुरती जागा आहे, 'माझे वडील' एवढी. तुम्हाला एवढं सगळं लिहून झालं, ते दोन शब्द अजून तिथे लिहिलेले नाहीत.