नववी अळंबी

दादा,

फिरून आलास की आधी हे वाच. ओट्यावरच्या टोपलीतल्या अळंब्यांना हात लावू नकोस.

काल मी पाण्याच्या टाकीमागून आठ आणल्या होत्या. आज नऊ आहेत. माझंच चुकलं असेल म्हणून तीनदा मोजल्या. आठांच्या टोपीखाली गुलाबी पात्या आहेत, नववीच्या पांढऱ्याफटक. शिवाय मी अळंबी बुडख्यासकट उपटतो, कारण बुडखा पाहिल्याशिवाय माझी खात्री पटत नाही. नववी चाकूने कापलेली आहे. घरात खिशात चाकू घेऊन फिरणारा एकच माणूस आहे.

माझी परीक्षा घ्यायला तू ती टोपलीत टाकलीस, इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण काल "पंडित, पुस्तक वाचून पोट भरतं का रे?" असं म्हणून तू भूक नाही म्हणत ताटावरून उठलास. आणि आज तवा घासून पालथा घातलेला दिसला. दादा, तू तवा कधीपासून घासायला लागलास?

माझा संशय खोटा असेल. माझे बहुतेक खोटेच असतात. तरी नववी डबीत घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे निघालोय. तशी आणखी एखादी खाल्ली असशील, तर पोट दुखायची वाट न पाहता तसाच तिकडे ये. मी काहीही बोलणार नाही.

खाल्ली नसशील तरीही ये, आणि सगळ्या पेशंटांसमोर मला हस. मी बाकावर बसून ऐकेन.